मानस

शाळेत ‘मानस’ शब्दाचा अर्थ विचारला होता.
मी लिहिलं: खाऱ्या पाण्याचं दार.
बाईंनी गुण कापला, शेजारी लाल शाईत लिहिलं: मन.
वही बाबांना दाखवली. ते जाळं सांधत होते.
म्हणाले, बाईंना एकदा चोडणात राहायला आण.

त्या पहाटे ते मानशीवर एकटेच होते.
ओहोटीला जाळं लावायचं, पाणी पडलं की ओढायचं,
भरतीआधी दारं नीट मिटतात का बघायचं,
बेचाळीस वर्षं हेच.
कायतानला ते साडेसहाला दिसले,
बांधावर बसलेले,
उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा ठेवायला दिल्यासारखा.
काहीतरी सांगत होते.
शब्द नव्हते गो ते, कायतान म्हणाला, नुसता बुडबुड आवाज.

फेरी पात्राच्या मध्यावर गेली होती. परत फिरली.
रायबंदरपर्यंत मी त्यांचा डावा हात धरून होते,
उजव्याकडे न बघता.

बांबोळीला डॉक्टर इनासियांनी एकच विचारलं,
तेच तीनदा:
शेवटचे धडधाकट कधी दिसले?
रात्री दहाला, मी म्हटलं. पेज जेवले, निजले.
त्यांनी घड्याळ पाहिलं.
साडेचार तास असतात, म्हणाल्या,
त्यानंतर हे औषध म्हणजे
आणि पुढचं बोलल्या नाहीत.

तेव्हा मला गाठ आठवली.
जाळं खांबाला टांगलेलं होतं,
बाबांच्या त्या गाठीने, जी उल्हासला अजून जमत नाही:
एका हाताने ताणून धरायची, दुसऱ्याने आतून फिरवायची.
दोन हात लागतात, डॉक्टर.
आणि जाळं टांगतात ते पाणी पूर्ण पडल्यावर.
आज ओहोटी पाच-दहाला संपली.
टोपलीतली सुंगटं मी निघताना पाहिली,
दोन-चार अजून उडत होती.

त्यांनी लिहिलं: ५.१०.
‘कुणी पाहिलं’ या रकान्यापाशी पेन अडलं.
मग लिहिलं: मुलगी.

पडद्यावर त्यांनी बोट ठेवलं.
हे एवढं गेलं, सुपारीएवढं.
भोवतीचा हा पट्टा मात्र मेलेला नाही.
काम थांबवलंय, पण तग धरून आहे.
सगळी धावपळ याच्यासाठी.

हे मला कुणी शिकवायला नको होतं.
खाजनात खारं घुसलं की मधला तुकडा जातो,
कडेचं कोरगुट पिवळं पडून उभं राहतं.
येणारा-जाणारा म्हणतो, गेलं शेत.
बाबा चिखलात कोपरापर्यंत हात घालून मूळ चाचपायचे.
आहे, म्हणायचे. गोडं पाणी बघा कुठून मिळतं.

आठ वाजून पाच मिनिटांनी औषध चढलं.
मग रात्रभर नर्स रक्तदाब मोजत राहिली,
आकडा जरा वर गेला की धावत.
वाट मोकळी झाली म्हणजे संपलं नाही, डॉक्टर म्हणाल्या,
उपाशी नसांवर लोंढा आला तर त्या फुटतात.

फळी दोन बोटं उचल. थांब.
पाण्याला बांधाची ओळख होऊ दे. मग पुढची.
नवव्या वर्षी मी घाईत दोन फळ्या एकदम ओढल्या होत्या.
बांध तिथे अजून थोडा वाकडा आहे,
आणि बाबांनी त्याबद्दल मला
कधी काही म्हटलेलं नाही.

आता तीन महिने झाले.
मिठाला ते ‘उद्या’ म्हणतात, चहाला कधी चहा, कधी होडी.
कायतानला हाक मारायची तर शीळ घालतात.
उजव्या हाताने गाठ अर्धी होते,
उरलेली उल्हास घालतो, चुकीची,
बाबा डाव्या हाताने सोडतात. पुन्हा.

काल पाटीवर मी ‘मानस’ लिहिलं. वाचा, म्हटलं.
खूप वेळ बघत राहिले.
ओठ एका अक्षरावर जाऊन परत आले.
बाहेर पोंयमध्ये पाणी चढत होतं.
मग म्हणाले, दार.

मी गुण कापला नाही.