राखीव

पालद्याच्या नमकीन कारखान्यात रविवारी भट्ट्या निवलेल्या,
पॅकिंगच्या चारजणी फक्त जादा पाळीला.
दहा ते पाच एवढाच माझा वेळ.
सोमवारी सकाळी बिलं निघाली पाहिजेत,
शेठजींनी दोनदा बजावलंय.

कपाटाचं दार उघडलं तशा तारा बाहेर लोंबल्या,
दारामुळेच आत राहिल्या होत्या इतके दिवस.
प्रत्येक पोर्टवर बेसनाची साय,
पंख्याच्या जाळीत तिखट.
मी शिंकत राहिले. हिरवे दिवे सरावलेले.
खालच्या कोपऱ्यात उंदरानं एक केबल सोललेली,
शेंगदाण्यासारखी, नीट.

माझ्या आधी इथे फणसे होते.
गेल्या चैत्रात वारले.
नकाशा नाही, वही नाही,
दवाखान्यातल्या चिकटपट्टीवर बॉलपेनानं लिहिलेल्या चिठ्ठ्या तेवढ्या:
तोलकाटा. गेट. हिंगाची खोली.
जुने मुनीमजी (आता नाहीत).
आणि चोवीस नंबरला, लाल शाईत,
शेठजी. हात लावू नये.

एकेक काढते, पुसते, दुसरं टोक शोधत हिंडते.
चौकीदार देवीलाल शिडी धरून विचारतो,
"मैडम, सीधा करने से तेज चलेगा क्या?"
नाही. आहे तेवढंच चालेल.
फक्त रात्री अकराला कुणी घाबरून फोन केला
तर अंथरुणातूनच सांगता येईल,
वरून तिसरी, निळी, काढून परत लावा.

प्लॅस्टिकचे पट्टे कापून टाकले, गळा आवळतात ते.
वेल्क्रो लावला, सैलसर, बोट जाईल असा.
वळणाला हातातली बांगडी काढून धरते:
याहून तंग वळवली तर तार आतल्या आत दुखावते
आणि महिनाभर सांगत नाही.

नऊ मेलेल्या निघाल्या.
एक भिंतीत गेली ती गेलीच.
एक मुनीमजींच्या टेबलाखाली, वेटोळं करून,
त्यांच्या पायांच्या जागी.

साडेतीनला उरली चोवीस.
शेठजींच्या केबिनपर्यंत ती जातच नव्हती.
उपसून पाहिली.
दिवा विझला, बाकी काही झालं नाही.
चहा प्यायले.

मग मागच्या दारानं सुगनबाई आली,
डोक्याला जाळीची टोपी, कोपरापर्यंत पीठ.
"फोन मर गया."
कुठला फोन?
मोबाइल तर गेटवरच जमा होतात सगळ्यांचे,
पत्र्याच्या पेटीत, नंबर लावून.

तिनं नेऊन दाखवला.
तेलाच्या रिकाम्या डब्यांमागे भिंतीला,
वर टोपली पालथी.
फणसेबाबूंनी लावून दिलेला, सहा वर्षं झाली.
पोर तापलं, सासू पडली, शाळेतून बोलावणं आलं
की वाजतो.
शेठजींना माहीत आहे?
तिनं टोपली नीट केली.
आणि तुमच्यात कुणाकुणाला?
"सबको."

परत येऊन चोवीस लावली.
लेबल छापायचं यंत्र हातात घेऊन बसून राहिले.
शेठजींना एका पानावर नकाशा हवाय, रंगीत, लॅमिनेट केलेला,
दाराच्या आतून चिकटवायला.
मी पैसे घेते तेही याचेच,
की प्रत्येक तारेचं खरं नाव लिहीन.

चौदा खरी लिहिली.
नऊ ठिकाणी, रिकामं.
चोविसाव्यावर, राखीव.

फणश्यांची लाल चिठ्ठी निघेना.
नख लावलं, मग सोडून दिलं,
नवी तिच्यावरच बसवली.

पाचला शेठजी आले. फोटो काढले, खूश झाले.
"नऊ रिकामी असताना ही राखीव कशाला?"
पुढे लागेल, म्हटलं.
तिचा दिवा लुकलुकत होता,
ते त्यांनी पाहिलं की नाही, सांगता येत नाही.
बिलातून दोनशे कापले, सवयीनं.

छत्रीबागेपर्यंत
बोटांना हिंगाचा वास.