नावे

उंदीर आधी पडले ते गणपती पेठेत, गुळाच्या वखारीत.
मी तेव्हा चौगुल्यांच्या आडतीवर दिवाणजी.
त्या दिवशीच्या रोजकीर्दीत मी उंदीर लिहिले नाहीत;
उंदरांना खातं नसतं.

पंधरवड्यात सगळी पेठ माळावर.
कडब्याच्या झोपड्या, डबे, गाठोडी,
जैनांची चूल लिंगायतांच्या चुलीपासून चार हातांवर,
आणि दोन शेतं सोडून, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, मांगवाडा.
घाईत लोक कुलपं विसरले, तुळशी विसरले,
अंतर मात्र मोजून बरोबर आणलं.

हळदीचा भाव बसला.
त्या वर्षी लग्नं कुणाची लागायची?
मिरजेच्या स्टेशनात माणसं औषधाच्या पाण्यानं धुऊन काढत,
पोती फलाटावरच अडत.
एक हुंडी परत आली:
लिहिणारा गेला, ज्याच्यावर लिहिली तोही गेला,
हुंडी तेवढी जिवंत.

मग पायगोंडा शेठ. काखेत गाठ, तीन दिवस.
थोरला बाळगोंडा त्यांच्यामागून पाचव्या दिवशी.
उरला धाकटा नेमू, मिसरूड फुटलेला,
आणि हरिपुरात, जमिनीच्या पोटात,
आमची अकरा पेवं.

पेव बाहेरच्याला सांगावं लागतं.
वीस हात खोल, रांजणासारखं पोट,
तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं.
भरलं की वर पेंढा, फरशी, माती,
मातीवर पुन्हा गवत.
वहीत मी लिहिलं होतं: पेवे अकरा, पोती इतकी.
कुठे, ते शेठच्या डोक्यात होतं.
ते डोकं आम्ही कृष्णाकाठी जाळलं होतं.

नेमू आठ दिवस पहार घेऊन हिंडला.
शेवटी आम्ही त्या दोन शेतांपलीकडे गेलो.

सुबाना.
पेवाचं तोंड उघडलं की आधी कंदील सोडायचा.
विझला तर थांबायचं,
नाही विझला तर सुबाना.
वीस वर्षं माझ्या वहीत तो
'हमाल असामी एक, दोन आणे'.
त्या महिन्यात त्यानं बायको पुरली होती,
आणि पेठेतली मढीही तोच वाहत होता.
शेठनाही त्यानंच नेलं.
खांदे देणारे खांदे माळावर पांघरूण घेऊन होते.

नेमू म्हणाला, पेवं दाखव.
सुबाना बसूनच बोलला.
हे मी पहिल्यांदा पाहिलं.
"आठ आणे रोज. मला अन् माझ्यासंगं उतरतील त्या समद्यांना.
पैसं हातावर ठेवायचं. वरनं टाकायचं न्हाई."
"अजून?"
"वहीत माझं नाव घाला."

आमच्या वहीला बाजू दोन, जमा आणि नावे.
एवढी वर्षं नावे लिहीत आलो,
नाव त्या दिवशी पहिलं:
सुबाना भैरू आवळे.
शाई वाळेना.
खरं तर मी वर वाळू टाकायला विसरलो होतो.

अकराही पेवं त्यानं काठीच्या टोकानं दाखवली,
चालता चालता, घरातले कोनाडे दाखवावेत तशी.
हळद जशीच्या तशी.
वर एवढं होऊन गेलं, खाली तिला पत्ता नव्हता.

पेठ पुन्हा भरली.
विजापूरकडची दुष्काळी माणसं आली,
रोज सहा आण्यांवर उतरला, मग चारावर.
दोनावर मात्र परत गेला नाही.
नेमूशेठ पुन्हा वरून टाकू लागले.
सुबाना वाकत नसे, पैसे धुळीत पडून राहत.
शेवटी मीच उचलून त्याच्या हातावर ठेवी.
ठेवताना बोटं लागत.
घरी मी हे सांगत नसे.

एका पाडव्याला नवी वही घालताना नेमूशेठ म्हणाले,
दिवाणजी, हमालांची एवढी लांब नावं कशाला,
पान वाया जातं.
मी हो म्हणालो.
आणि लिहीत राहिलो.