ब्रेबेसला पोट दुखलं

बेकासीहून निघालो तेव्हा रात्रीचे दहा.
परमिनने छातीवर जुन्या वर्तमानपत्राची घडी ठेवली,
जाकीट उलटं चढवलं,
पाठीवरची चेन मी ओढली.
वारं अंगात शिरलं की माणूस आडवा होतो, आमच्या जावात म्हणतात,
आणि पुढे साडेपाचशे किलोमीटर
वारंच वारं.

दोघांच्या मध्ये गिलांग, माझ्या पोटाशी बांधलेला,
मागे फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
सासूबाईंची नवी चादर,
बाटलीत उकळून गाळलेलं हळद-चिंचेचं जामू.
बूच घट्ट होतं.
तरी पोटरीवर पिवळा ओघळ.

वर्षभर कारखान्यात मी बुटांना तळवे चिकटवते.
स्वतःच्या तळव्यांना मुंग्या येतात
हे वर्षातून एकदाच कळतं,
ईदच्या रस्त्यावर.

सिरेबोनच्या अलीकडे तंबूतल्या नर्सने
त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला,
काटा पाहून म्हणाली, झोपा थोडं. पाणी प्या.
परमिन हसला,
"सणाचं रक्त आहे, उसळणारच."
आणि हेल्मेट.

मग गाडी पांढऱ्या पट्टीकडे कलू लागली,
अगदी हळू,
वासरू गाईकडे सरकतं तशी.
मी चिमटा काढला.
मी त्याला गावातली तळी मोजायला लावली.
पहिलं, वडाखालचं.
दुसरं, उन्हाळ्यात आटणारं.
तिसऱ्यापाशी तो गप्प झाला
आणि समोरून ट्रकचे दिवे आले.

गाडी सावरली.
थोडं पुढे रस्त्यात एक चप्पल पडली होती.
एकच.
दोघांनीही पाहिली. कोणी बोललं नाही.

ब्रेबेसला कांद्याचा वास सुरू झाला तेव्हा म्हणाले,
"थांब. पोटात कळ आलीये."
रमजानच्या शेवटच्या रात्री, धडधडीत खोटं.

मशिदीच्या ओसरीवर माणसं
सुकत घातलेल्या मासळीसारखी ओळीने.
"तू पड जरा, मी गाडीकडे बघ—"
वाक्य पुरं व्हायच्या आत तो घोरत होता,
एका पायात बूट तसाच.

मी जागी.
गार फरशीवर अनवाणी येरझारा घातल्या,
खांदे फिरवले, मान मोडली,
गिलांगचे पाय चोळले, त्याला नळाखाली धरलं.
समोर लाल दिव्यांची रांग सरकत होती,
सगळे आमच्या आधी पोचणार होते.
पोचू देत.

खारवलेली अंडी विकणारी म्हातारी बाजूला टेकली.
निळसर कवचाचं एक अंडं तिने सोलून दिलं,
वर भात, एक केळं.
"मिरची नको खाऊस, रस्त्यात घसा कोरडा पडतो.
पाणी गटागट नको, घोट घोट.
आणि प्रवाशाला रोजा नंतर फेडता येतो,
तो लिहिणारा एवढा कंजूष नाही."
मी विचारलं, "आणि खोटं?"
ती अंडी मोजत राहिली.

चार तासांनी तो उठला.
गालावर चटईची नक्षी,
डोळे धुतलेल्या काचेसारखे.
"बरं वाटतंय का तुला?"
"हो," मी म्हणाले,
आणि हे खरं होतं.

वोनोगिरीला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता.
सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाल्या,
वारं शिरलंय.
तेल लावून नाण्याने ओढलेल्या तांबड्या रेघा
दोन दिवस पाठीवर राहिल्या.
परमिनच्या पाठीवर एकही नाही.

ईदच्या सकाळी आम्ही गुडघ्यांवर बसलो,
आधी त्यांच्यापुढे,
मग मी त्याच्यापुढे:
दिसलेल्या चुका माफ कर, न दिसलेल्याही.
आणि हळूच,
"ब्रेबेसला माझं पोट दुखत नव्हतं."

तो बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत होता,
नखांत अजून गोंद होता, कारखान्यातला.
"ठाऊक आहे," म्हणाला.
"बुधवारी निघायचंय.
परतताना जरा लवकर दुखू दे.
सेमारांगलाच."