पिकलेलं पाणी

मी काच फुंकणारा.
तळमजल्यावर, गॅसच्या निळ्या ज्योतीपुढे
एकतीस वर्षं बसलो.
पहिल्या दिवशी सरांनी आडनाव विचारलं.
"गुरव? मग फुंकर घराण्यातच आहे.
देवळात शंख, इथे कंडेन्सर."
दोन चहा सांगितले, पैसे एकाचेच दिले.

प्रा. हिराजी कान्हा मढवी, केमिकल इंजिनिअरिंग.
दारावरच्या पाटीतला ढ कधीच उडालेला.
पोरं म्हणायची, बरोबर आहे,
सरांच्यात तो नव्हताच.

ऊर्ध्वपातनाचा तास मी दारातून ऐकायचो,
हातात एखादं गरम नळकांडं, चिमट्यात धरलेलं.
फळ्यावर एक वक्र, एक सरळ रेघ,
मधून पायऱ्या, पायऱ्या, पायऱ्या.
"दर पायरीला थोडं वर जातं, थोडं खाली येतं.
एकाच उकळीत कोणी शुद्ध होत नाही, राजांनो."
मागच्या बाकावर कोणीतरी जांभई द्यायचं.
सर तिलाही वाफच म्हणायचे.

स्फटिकांचा धडा आला की मात्र पुस्तक मिटायचं.
तळवलीचं खाजण यायचं वर्गात,
उघाडीतून आत घेतलेली भरती,
या कोंडीतून त्या कोंडीत
उन्हाला पाजत नेलेलं पाणी,
आणि गुडघाभर चिखलात उभा बाप.
बोट बुडवायचा, जिभेला लावायचा:
"बाबू, पानी पिकला."
त्या जिभेला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही.
तिची चूकही कुणाला काढता आली नाही.

मग मोजणीची साखळी आली.
कोंड्यांवर रंगाचा कारखाना,
बाप त्याच जागेवर वॉचमन, खाकी टोपीत.
सातवीतल्या हिराजीनं डबा देताना विचारलं,
इथं काय शिजवतात?
बाप म्हणाला, म्हाईत नाय. मीठ नाय.
सर म्हणायचे, माझी पदवी म्हणजे
त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर.

उरलेल्या अर्ध्याबद्दल ते बोलत नसत.
मीच सांगतो.

एका वर्षी त्याच कारखान्यानं अहवाल मागितला.
सरांनी दुपारी सांडपाण्याचा नमुना घेतला,
आकडे नियमात बसले, सही केली.
आकडे खरे होते.
त्या दुपारी प्लांट बंद होता.
तो का बंद आहे, हे सरांनी विचारलं नव्हतं.
वैशाखात खाडीवर बोय उलटी तरंगली,
निवट्या बिळांच्या तोंडाशीच सुकल्या,
आणि सरांच्या चुलत्यानं जाळं
त्यांच्या दाराच्या कडीला टांगून ठेवलं.
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर दर शनिवारी, पहाटे असो की रात्री,
ओहोटीच्या वेळेला सर स्कूटरवर.
बाटल्या मी केल्या, घासून बसवलेल्या बुचांच्या.
चिठ्ठीवर पेन्सिलीनं तारीख, वेळ, वास.
वासाच्या रकान्यात एकदा लिहिलं होतं: "बाबांची टोपी."
नऊशे बारा बाटल्या.
कोर्टानं मागवल्या त्यातल्या अकरा,
परत दिल्या नऊ.

निवृत्तीला शाल, नारळ, चार भाषणं.
सर तीनच वाक्यं बोलले,
त्यातलं एक माझ्या बर्नरबद्दल होतं.
दोन वर्षांनी गेले.
मी त्या दिवशी एक फ्लास्क फुंकत होतो,
तो तिरपा झाला. तसाच ठेवलाय.

मग तपासणीची समिती येणार, म्हणून साफसफाई.
नव्या मॅडम फडताळापुढे थांबल्या.
"हे काय आहे?"
पाणी.
"कुठलं?"
मी म्हणालो, शनिवारचं.

टेम्पो आला, बाटल्या गेल्या.
एक मी पिशवीतून घरी आणली, घणसोलीला.
ग्रिलमध्ये, बुच काढून, उन्हात ठेवली.
बायको रोज बघायची, बोलायची नाही.
सतरा दिवसांनी तळाशी उरलं ते पांढरं होतं,
कडेला मात्र एक जांभळट वर्तुळ.

बोट लावलं.
जिभेपर्यंत नेलं, आणि तसंच
नळाखाली धरून धुतलं.