मुंढा

लुलवाने हाडांचा तक्ता टेबलावर पसरला
आणि पंख्याने उडू नये म्हणून वर माझी कातर ठेवली.
मनामाची मागली गल्ली, एसीखाली बादली,
बादलीत दर सात टाक्यांनी एक थेंब.

"उस्ताद, अबाया अंगावर टांगलेली नको.
हात वर गेला की कापडाला कळलं पाहिजे."

कापडाला काय कळतं, मॅडम.
छाती, कंबर, उंची, मुंढा.
बत्तीस वर्षं मी माणसं मापली ती उभी,
श्वास रोखून, हात खाली सोडून,
पासपोर्टच्या फोटोला राहतात तशी.
हलतं माणूस कुणी मापाला आणलंच नव्हतं.

ती म्हणाली, वरच्या फळीवरची काळी रिळं काढा.
काढली.
पुन्हा ठेवा. पुन्हा काढा. सावकाश.
आणि सदऱ्यावरूनच माझ्या पाठीवर
खडू फिरू लागला.

तक्त्यावर त्या हाडाचं नाव लांबलचक.
आमच्यात याला फरा म्हणतात, मी सांगितलं,
बकऱ्याचा असतो तसाच, तिकोनी.
ती हसली नाही. फरा, फरा, दोनदा घोकून
वहीत उजवीकडून डावीकडे लिहून घेतलं.

माझा उजवा फरा डाव्यासारखा सरकत नाही.
अर्ध्या वाटेत अडतो, मग झटक्याने जातो,
दमट हवेत फुगलेल्या खणासारखा.
डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या, मालकाने बाम.
तिने अडण्याची जागा दोनदा गिरवली.

रात्री खोलीवर सज्जाद म्हणाला,
परकार, पाठीवर कसला रस्ता काढलाय?
झटकायला आला, तर मी उगाच सरकलो.

अकरा वेळा मांजरपाट कापला.
अकरा वेळा उसवला.
उभ्यात बसेना, आडव्यात बसेना,
मग तिरकस धरला.
मुंढ्याखाली कळी, कळीत मिटलेली चुणी,
चुणीच्या आत गेरूच्या रंगाचं अस्तर.
हात खाली, की सगळं काळं.
हात वर, की पाठीत कुणी दिवा लावून दार ढकलल्यासारखं.

बुधवारी हॉटेलात मुली चालल्या.
मी पडद्यामागे, तोंडात टाचण्या.
एकीने चालता चालता हात केसांना नेला.
चुणी अर्ध्या वाटेत अडली,
मग झटक्याने उघडली.

टाळ्या. कुणीतरी पंख म्हणालं.
मला आपली फळी दिसली, रिळं दिसली,
आणि खांदा, कुणी हात न लावता, ठणकला.
टाचण्या मोजल्या. एक कमी भरली.

शनिवारी खडका इस्त्री ओढत होता,
वाफेत, एका पायावर भार देऊन,
त्याची कंबर नेहमी तशीच कलते.

लुलवा दारात येऊन उभी होती, कधीची कोण जाणे.
हातात खडू.
मी खडकाला हाक मारणार होतो.
मारली नाही.