वहीतली सातवी नोंद

रविवारी सकाळी साडेसहाला तांबोळी बाई
पुलाखाली स्कूटर लावून उभ्या असतात.
पिशवीत जुना नकाशा, चिवडा, आणि गवंडी
लेव्हल काढायला वापरतात तसली पारदर्शक नळी.

आमचा नाद एवढाच :
नवी मुंबईतल्या एकेका उपनगराची
सर्वांत उंच जागा शोधायची
आणि तिथे पाय टेकवायचा.
पूल, गच्ची, टाकी धरायची नाही. जमीन हवी.

ऐरोलीत ती निघाली विजेच्या मनोऱ्याखाली.
वर तारा गुणगुणत होत्या,
आम्ही कुंपणातून एकेक पाऊल आत सरकवलं.
घणसोलीत बाभळी, आणि कुणीतरी टाकलेला कमोड.
वाशी तर सगळीच खाडीच्या पातळीला.
दोन रविवार नळी धरून बसलो तेव्हा कळलं,
शिखर म्हणजे बागेतला अबोलीचा वाफा,
आजूबाजूपेक्षा वीतभर वर.
माळी म्हणाला, फुलांवर पाय द्याल तर याद राखा.
बाईंनी चप्पल काढून नुसता अंगठा टेकवला.
वहीत लिहिलं : वाशी सर. किरकोळ विरोध.

मुलगा विचारतो, वरून दिसतं तरी काय?
खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी
पुढचं कुंपण दिसतं.

तुर्भ्याला नकाशात एक त्रिकोण होता,
त्याच्याभोवती रेषांचे वेढे, आत आत चिंचोळे.
चढत गेलो,
आणि शेवटचा वेढा जिथे यायला हवा
तिथे वाट संपली.
समोर हवा.
खाली चौकोनी खड्डा, हिरवं पाणी, एक बगळा.
शिखर असायला हवं त्या उंचीवर
एक घार, अगदी आरामात.

काठाला पत्र्याची टपरी. यल्लव्वा.
चहा गाळता गाळता म्हणाली,
"टोक? फोडलं की आम्ही.
सतरा वर्सं. मी, नवरा, दीर.
सुरुंगाची भोकं पाडायला पयली मीच चढले वर."
मग गेलं कुठे ते?
तिने हनुवटीने दाखवलं :
खाली धुरकटात सेक्टरमागून सेक्टर.
त्यातच कुठेतरी माझी इमारत, तिसरा मजला,
लिफ्ट नाही म्हणून मी रोज कुरकुरतो ती.

बाई वही उघडून तशाच बसल्या.
उंचीच्या रकान्यात भरायचं काय?
मी म्हटलं, रद्द करा.
त्या म्हणाल्या, थांबा,
आणि वही यल्लव्वापुढे सरकवली :
"नाव घाला तुमचं. आधी तुम्ही पोचलात."

तिने किटलीच्या बुडाची काजळी
अंगठ्याला लावली, दाबला.
कडेने रेषा उमटल्या, एकीत एक,
हुबेहूब नकाशातल्यासारख्या.
मधली जागा मात्र
घणाच्या दांड्याने झिजलेली. कोरी.

"दोन चहा," ती म्हणाली. "वीस रुपये."