कांडी संपली की

साखर पेठेत आम्ही चौघं होतो.
सादिकच्या तोंडाला ब्रेक नव्हता,
एका दमात जोडभावी पेठ ते अशोक चौक.
शिवशरणकडं जाकीट होतं,
मे महिन्यात, चव्वेचाळीस डिग्रीत,
चेन गळ्यापर्यंत ओढलेलं.
माझ्याकडं यमकं होती, खिसा फाटेस्तोवर.
आणि व्यंकू गाजूल.
खरं सांगू का, त्याच्याकडं काहीच नव्हतं बे.

नावं घेतली आम्ही. एक किंग, एक डॉन, मी तुफान.
व्यंकूनं घराचा नंबर घेतला : बारा बटा नऊ.
पोस्टमन आहेस का, म्हणून हसलो.

आज गड्ड्याच्या जत्रेत
आकाशपाळणा आणि भज्यांच्या कढईच्या मधोमध
मिसरूड न फुटलेली पोरं तो नंबर ओरडतात.
मी मागं उभा, लेक खांद्यावर.
ती विचारते, हे काका तुझ्या ओळखीचे?
गर्दी आहे, ऐकू आलं नाही असं दाखवतो.

तोच का?
रात्रपाळीत अशा प्रश्नाला पुष्कळ वेळ असतो.
आधी म्हणालो, नशीब.
त्यात खोटं नाही. त्या साली मला कावीळ झाली,
सादिकला सौदीचा व्हिसा आला,
शिवशरणच्या बापानं दुकानाच्या किल्ल्या पुढं टाकल्या.
पण व्यंकूच्या घरी तर पाणी पाचव्या दिवशी,
आणि आई विड्या वळायची, हजारामागं छाट किती ते मोजत.
ह्याला नशीब म्हणायचं तर म्हणा.

माग जुना झाला ना, की धोट्यातली कांडी संपते
आणि माग थांबतच नाही.
खटखट तीच. ताल तोच.
रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, कापड होतंय.
आम्ही तसे दोन वर्षं चाललो.
दुश्मन नव्हते, तरी दुश्मनांना शिव्या.
गाडी नव्हती, तरी गाडीचा कलर.
एकोणिसाव्या वर्षी जे बोललो
तेच सव्विसाव्या वर्षी, फक्त जरा जोरात.

व्यंकूचं वय मात्र गाण्यात येत गेलं.
पहिल्या गाण्यात त्यानं छाट काढणाऱ्या ठेकेदाराला झोडपला,
नाव घेऊन. आख्खी पेठ नाचली.
सात वर्षांनी त्याच ठेकेदारावर दुसरं :
अर्धांगवायू झालेला, उंबऱ्यावर बसलेला,
आणि शेजारून जाणारी आई त्याला विचारते,
तिन्नारा? जेवलात का?
पोरं म्हणाली, व्यंकू थंड पडला.
दीड वर्ष गप्प होता. मलाही आतून बरं वाटलं,
हे लिहितोय कारण कोणी विचारणार नाही.

मग एका रात्री अडीच वाजता त्याचा आवाज, मोबाईलवर.
दहा वर्षांत हाल विचारायला फोन नाही, आणि हे :
'मल्ल्या, त्या नव्या रॅपियर मागाला धोटा नसतो ना रे?'
नसतो, म्हणालो. रॅपरला एवढं पण माहीत नाही का बे.
तो हसला नाही. लिहीत होता वाटतं.
'मग आवाज कसा येतो?'
मी फोन मागाजवळ धरला.
पाच मिनिटं तो नुसता ऐकत होता.
मी त्या आवाजात दहा वर्षं जेवलोय, झोपलोय,
ऐकला असेन की नाही, कोण जाणे.

'आणि सूत? सूत कुठून येतं आता?'

गोडाऊनमधून, म्हणालो.
'त्याच्या आधी?'

थांब, म्हणालो.
फोन टॉवेलांच्या ढिगावर ठेवला,
आणि बॅटरी घेऊन
पोत्यावरचं लेबल वाचायला गेलो.